मुद्दलापेक्षा व्याज गोड : नवं नातवंड, आजी आणि चित्रांचं पुस्तक



गटाच्या बैठकीत व्याजाचा विषय निघाला की मागं बसून गप्पा मारणाऱ्यासुद्धा गप्प होतात. किती टक्के, कधीपासून, कुणाचं थकलं, सगळं बारकाईनं ऐकतात. पण एका व्याजाचा दर कुणीच विचारत नाही. ते म्हणजे नातवंड. "मुद्दलापेक्षा व्याज गोड" असं आपल्याकडं उगीच म्हणत नाहीत. कुणी "दुधापेक्षा साय गोड" म्हणतं. अर्थ एकच. आपल्या लेकरांच्या वेळी शेत, पाणी, सरपण, सासूचा धाक यातनं उसंत मिळाली नाही. नातवंड आलं तेव्हा कुठं एखादं बाळ मांडीवर घेऊन नुसतं बघत बसायला मिळालं. हे मी गावोगावच्या बैठकांत कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय.

हा लेख त्या मांडीवरच्या बाळाबद्दल आहे, आणि त्या मांडीवर ठेवता येईल अशा एका वस्तूबद्दल आहे. ती वस्तू म्हणजे चित्रांचं पुस्तक.

"अगं पोरी, बाळ अजून मान धरत नाही आणि तू पुस्तकाचं काय सांगतीस?" हा पहिला प्रश्न मला हमखास येतो. दुसरा असतो, "मला कुठं वाचता येतंय?" आणि तिसरा, "पुस्तकं आणायची कुठनं आणि पैसे कोण देणार?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. एकेक घेऊया.

चित्रांचं पुस्तक म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात धडा असतो, धड्याखाली प्रश्न असतात आणि प्रश्नांच्या मागं परीक्षा असते. चित्रपुस्तकाचं तसं नाही. ते पातळ असतं. एका पानावर मोठं चित्र आणि त्याखाली एक-दोन ओळी. अर्धी गोष्ट अक्षरांत असते, अर्धी चित्रात. काही पुस्तकांत तर एकही अक्षर नसतं, सगळी गोष्ट चित्रातच. अगदी तान्ह्या बाळांसाठी कापडाची आणि जाड पुठ्ठ्याची पुस्तकं असतात. बाळानं ती तोंडात घातली, आपटली, ओढली तरी टिकावीत म्हणून.

अशी पुस्तकं मूल एकट्यानं वाचत नाही. मोठं माणूस मुलाला जवळ घेतं, पान उलटतं, बोट ठेवतं, बोलतं. म्हणजे या पुस्तकाला दोन वाचणारे लागतात, एक लहान आणि एक मोठा. आपल्या घरांत तो मोठा बऱ्याचदा आजीच असते. सून शेतावर नाहीतर कामाला, लेक कंपनीत नाहीतर गाडीवर. बीडकडची कितीतरी माणसं दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि लहान लेकरं गावात आजी-आजोबांपाशी राहतात. तिथं तर आजीच आई असते.

या पुस्तकांतली आजी काय करते?

जगभरच्या चित्रपुस्तकांत आजी-आजोबा भेटतात. मला गंमत वाटते ती अशी की ही पुस्तकं "आजीचं नातवावर फार प्रेम होतं" असं सांगत बसत नाहीत. आजी काय करते तेवढं दाखवतात. प्रेम आपल्याला त्यातनं कळतं.

आपल्या मराठीत माधुरी पुरंदरे यांची "राधाचं घर" ही छोट्या पुस्तकांची मालिका आहे. गोष्टीही त्यांच्याच आणि चित्रंही त्यांचीच. राधा नावाची छोटी मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. घर साधं आहे, माणसं नेहमीची आहेत. वाचताना वाटतं, आपल्याच घरात कुणीतरी डोकावून चित्र काढलंय. माधुरीताईंना बालसाहित्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळालाय.

"सो मच" नावाचं इंग्रजी पुस्तक १९९४ साली आलं. ट्रिश कुक यांनी ते लिहिलं आणि हेलन ऑक्सनबरी यांनी चित्रं काढली. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॅरेबियन वंशाच्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. आई आणि बाळ घरात बसलेत. दाराची घंटा वाजते आणि मावशी येते. मग मामा, मग आजी, मग भावंडं. जो येतो तो बाळाला उचलतो, मिठी मारतो, खेळवतो. बाळ एकाच्या हातातनं दुसऱ्याच्या हातात जातं. शेवटी कळतं की सगळे बाबांच्या वाढदिवसाला जमलेत. देश कुठला, माणसं कुठली, पण आपल्याकडच्या बारशाला जी झुंबड असते तीच तिथं दिसते. "इकडं दे गं जरा, मला घेऊ दे की" हे शब्द त्या पुस्तकात नाहीत, पण चित्र बघताना ते आपल्याच तोंडून निघतील.

अमेरिकेतलं एक पुस्तक आहे, "लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट". मॅट डे ला पेन्या यांनी लिहिलेलं, २०१५ सालचं. पुढच्या वर्षी त्याला तिथला न्यूबेरी हा मोठा सन्मान मिळाला. त्यात एक नातू आजीबरोबर बसनं निघालाय. पाऊस पडतोय. तो विचारतो, आपल्याकडं गाडी का नाही? आपल्यालाच का असं जावं लागतं? आजी रागवत नाही आणि खोटं आश्वासनही देत नाही. वाटेतल्या एकेका चांगल्या गोष्टीकडं ती त्याचं लक्ष वळवते. शेवटी दोघं पोचतात ते गरजू लोकांना जेवण मिळतं त्या ठिकाणी, वाढायला. हातात पैसा कमी असताना नातवंडाला कमीपणा वाटू न देणं, हे काम तुमच्यातल्या कितीजणी रोज करतात! त्याच कामावर कुणीतरी पुस्तक लिहिलंय.

आजोबांवरही पुस्तकं आहेत. जॉन बर्निंगहॅम यांचं "ग्रँपा" १९८४ सालचं. नात आणि आजोबा खेळतात, गप्पा मारतात, कधी रुसतात. शेवटाकडं आजोबांची खुर्ची रिकामी दिसते. मेले, गेले असं काही लिहिलेलं नाही. रिकामी खुर्ची आणि तिच्याकडं बघणारी नात, एवढंच. घरात म्हातारं माणूस गेलं की आपण मुलांना "देवाघरी गेले" म्हणून गप्प करतो. तिथं असं पुस्तक कामाला येतं. मूल चित्राकडं बघत मनातलं विचारू शकतं.

आता ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनी हे पुस्तक लक्षात ठेवा. प्रिया कुरियन यांचं "अम्माचीज ग्लासेस". अम्माची म्हणजे केरळातली आजी. सकाळी उठल्यावर अम्माचीला चष्माच सापडत नाही आणि मग घरभर जो गोंधळ उडतो त्याची ही गोष्ट. पुस्तकात गोष्ट सांगणारं एकही वाक्य नाही, सगळी चित्रंच. शाळेत गेलेली आणि न गेलेली, दोघी आज्या ते सारखंच वाचू शकतात.

मान न धरणाऱ्या बाळाला काय कळणार?

कळतं, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं.

पोटात असल्यापासून, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला आवाज ऐकू येतात. म्हणून जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं. घरात नेहमी बोलणाऱ्या माणसांचे आवाजही त्याच्या ओळखीचे होत जातात.

जन्माला आलेल्या बाळाची नजर लांबचं धरत नाही. साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्याला बरं दिसतं, म्हणजे एक-सव्वा वीत. बाळ मांडीवर घेतलं की त्याच्या चेहऱ्यापासून आपला चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणजे बाळ पहिलं चित्रपुस्तक बघतं ते आजीच्या तोंडाचं! फिके रंग त्याला नीट कळत नाहीत. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं अशा ठळक आकृत्यांवर नजर ठरते.

पुढं साधारण असं होतं. प्रत्येक बाळाचा वेग वेगळा असतो, तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना करू नका.

पहिले तीन महिने : बाळ आवाज ऐकतं, चेहरा बघतं. एखादं ठळक चित्र समोर धरा आणि हळू आवाजात बोला. मिनिटभर पुरे. तोंड फिरवलं तर थांबायचं.

चार ते सहा महिने : हात पुढं करतं, धरतं, तोंडात घालतं. पुस्तक चाटणं हेच त्या वयाचं वाचणं. इथं कापडी पुस्तक बरं.

सात ते बारा महिने : "बुवा कुक्" आवडायला लागतं. पान झाकायचं, उघडायचं. वर्षाच्या सुमाराला बाळ बोट दाखवायला लागतं. बोट दाखवलं की आपण नाव सांगायचं. "हां, ती कोंबडी."

एक ते दोन वर्षं : "माऊ कुठाय?" म्हटलं की दाखवतं. एकेक शब्द म्हणतं.

दोन वर्षांच्या पुढं : तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतं. आपल्याला कंटाळा येतो, पण ऐकवत राहायचं. पुढं काय येणार हे आधीच माहीत असण्यात मुलाला मजा असते, आणि त्यातनंच शब्द पक्के होतात.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९९२ साली ३०० बाळांच्या घरी पुस्तकं देऊन "बुकस्टार्ट" नावाचा उपक्रम सुरू झाला. तो पुढं देशभर पसरला. आपल्याकडंही सरकारी पातळीवर हा विचार आलाय. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी येतात. त्या वजन आणि खाणं बघतातच. बाळाशी खेळणं-बोलणं हाही त्या भेटीचा भाग असतो. पुढच्या भेटीत त्यांना मुद्दाम विचारा, "या वयात बाळाशी काय खेळू?"

मोबाईलचं काय?

हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बाळ रडलं की गाणं लावून मोबाईल समोर धरायचा, ही सवय आता वाडीवस्तीवरही पोचलीय. मी कुणाला दोष देत नाही. एका हातात भाकरीचं पीठ आणि दुसरीकडं रडणारं लेकरू असलं की माणूस काय करणार!

पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली स्पष्ट सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये. एक वर्षाच्या मुलालाही बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर आणखी चांगलं. मूल बसलेलं असेल त्या वेळात मोठ्या माणसानं त्याला वाचून दाखवावं, गोष्ट सांगावी, असंही त्यात म्हटलंय.

मोबाईल बोलतो, पण बाळानं हुंकार दिला तर तो थांबत नाही. आजी थांबते. बाळ "अं" म्हणालं की आजी "हो का गं बाई?" म्हणते. या देवाणघेवाणीतनंच मूल बोलायला शिकतं.

"मला वाचता येत नाही"

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. कारण इथं नुसत्या पुस्तकाचा विषय नाही.

घरात पुस्तक आलं की बऱ्याच आज्या दोन पावलं मागं सरकतात. "ते तुझी आई आली की वाचंल" म्हणतात. एकदा म्हणतात, दहादा म्हणतात. मूल हुशार असतं, ते बघत असतं. हळूहळू त्याच्या मनात बसतं की आजीला काही येत नाही. शाळेत जायला लागल्यावर तर अंतर आणखी वाढतं. जिच्या मांडीवर ते वाढलं तिला काही विचारायचंच नाही, असं होऊन बसतं. हे नुकसान कुठल्याच खातेवहीत दिसत नाही, पण फार मोठं असतं.

म्हणून सांगते, मागं सरकू नका. चित्र वाचायला अक्षर लागत नाही. चित्रात म्हैस आहे ना? मग तुमच्या माहेरी म्हैस होती का ते सांगा. तिचं नाव काय होतं, दूध काढताना लाथ मारायची का, पान्हा चोरायची का, सांगा. पुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा तुमची म्हैस मुलाला जास्त आवडेल.

हे करताना पाच गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, आपल्याच बोलीत बोला. अहिराणी असो, वऱ्हाडी, मालवणी, भिली नाहीतर गोंडी. घरची भाषा पक्की असलेल्या मुलाला शाळेची भाषा शिकायलाही मदतच होते. "अशुद्ध" बोलते म्हणून लाजायचं कारण नाही.

दोन, नुसतं नाव सांगून पान उलटू नका, विचारा. "हे कुठं चाललंय? याला भूक लागली असंल का?" मुलाला उत्तर शोधायला वेळ द्या.

तीन, मूल चुकलं तरी खोडू नका. बकरीला भूभू म्हणालं तर "हो, भूभूसारखीच चार पायांची. ही बकरी" एवढं म्हणायचं.

चार, चित्र बघताना हाताला धरून अक्षर गिरवायला लावू नका. ते वय पुढं येणार आहे.

पाच, दहा मिनिटं पुरे. झोपायच्या आधी नाहीतर दुपारी, पण शक्यतो रोज त्याच वेळी.

आणि ज्यांना खरंच अक्षर शिकायचंय त्यांच्यासाठी. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ला, महिला दिनाच्या मुहूर्तावर "आजीबाईंची शाळा" सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी पुढाकार घेतला. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या. आजीला शाळेत सोडायला नातवंडं आली आणि अभ्यासालाही तीच मदत करू लागली. तसंच आता "उल्लास" या नावानं केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. तो १५ वर्षांवरच्या, अक्षरओळख नसलेल्या सगळ्यांसाठी आहे. आपल्या जिल्हा परिषद शाळेत चौकशी करा. नातवंडाचं चित्रपुस्तक हे शिकायला सगळ्यात सोपं पुस्तक असतं. ओळी दोनच आणि अक्षरं मोठी!

नात झाली तेव्हा

हा मुद्दा जरा कडू आहे, पण आपल्या अंकात नाही बोलायचं तर कुठं बोलायचं?

सातारा जिल्ह्यात २०११ साली "नकुशा" नावाच्या २८०हून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलण्यात आली. नकुशा म्हणजे नको असलेली. हे नाव बाहेरच्या कुणी ठेवलं नव्हतं, घरच्यांनीच ठेवलं होतं. त्या मुली शाळेत हजेरीच्या वेळी रोज ते नाव ऐकत होत्या. आता असं नाव क्वचितच कुणी ठेवतं. पण दुसरी नात झाली की पेढ्याऐवजी सुस्कारा वाटला जातो, हे आजही दिसतं. आणि बाळंतिणीला तो सुस्कारा सगळ्यात जास्त लागतो तो सासूच्या तोंडचा.

बाळाला शब्द कळत नसले तरी आवाज आणि चेहरा कळतो, हे आपण वर बघितलं. एक-सव्वा वितीवर जो चेहरा असतो तो हसरा आहे का उतरलेला, हे नातीलाही दिसतं आणि नातवालाही. चांगल्या चित्रपुस्तकांत आजी नात आणि नातू असा फरक करत नाही. पुस्तक निवडताना बघा, त्यातली मुलगी नुसती भांडी घासतीय का झाडावरही चढतीय? आणि हो, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली असेल तर "लेक लाडकी" योजनेची माहिती अंगणवाडीत घ्या. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात.

सून, लेक आणि आजोबा

पुस्तकाचं काम एकट्या आजीच्या गळ्यात घालायचा माझा विचार नाही. आधीच तिच्या अंगावर घर, गोठा आणि लेकरू असतं. "आजी आहे की सांभाळायला" असं म्हणत सगळे बाहेर पडतात, आणि आजीची कंबर दुखतीय हे कुणी विचारत नाही. तेव्हा दहा मिनिटं आजोबांनीही घ्यावीत. पारावर गप्पा रंगवणाऱ्या माणसाला नातवाला गोष्ट सांगणं जड जाऊ नये!

सून आणि सासू यांच्यातही पुस्तक उपयोगी पडतं. बाळाला काय पाजायचं, टाळू भरायची का नाही, यावरनं दोघींचं वाजतं. पुस्तकावर भांडायला काही नसतं. संध्याकाळी सुनेनं एक पान वाचावं, त्यावरची म्हैस आजीनं सांगावी. बाळ मध्ये, दोघी दोन्हीकडं.

ज्यांची लेकरं कामासाठी लांब गेलीत आणि नातवंड तुमच्यापाशी आहे, त्यांनी घरचंच पुस्तक करा. आई-बाबांचे, काका-आत्याचे, गाईचे, घराचे फोटो काढून आणा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. रोज दाखवा. "ही आई. आई आता ऊस तोडतीय. उन्हाळ्यात येणार." महिनोन् महिने न दिसलेली आई परत येते तेव्हा मूल तिला बिचकत नाही, चटकन जवळ जातं.

पुस्तकं आणायची कुठनं?

पहिलं ठिकाण अंगणवाडी. तिथं असलेली पुस्तकं फाटतील म्हणून कपाटात राहतात. पालकसभेत विषय काढा. पुस्तक फाटलं तर चिकटवता येतं, पण कपाटात राहिलं तर कुणाच्याच उपयोगाचं नाही.

दुसरं, जिल्हा परिषद शाळेचं आणि गावातलं वाचनालय.

तिसरं, आपला मोबाईल, पण मोठ्यांच्या हातात. बंगळूरच्या "प्रथम बुक्स" संस्थेनं २०१५ साली "स्टोरीविव्हर" हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट आहेत, आणि ती उतरवून छापूनही घेता येतात. दीपा बळसावर यांची नानी आणि व्यंकटची बागेपर्यंतच्या चालण्याची गोष्ट आणि राजीव आइप यांची यंत्रं बनवणारी अम्माची ही पुस्तकं प्रथम बुक्सचीच. सुनेला किंवा शाळेत जाणाऱ्या नातीला शोधून द्यायला सांगा.

चौथं, गटानं विकत घेणं. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्ट मराठीत चांगली चित्रपुस्तकं काढतात. एका गटानं पाच पुस्तकं घेतली आणि ग्रामसंघात दहा गट असले, तर पन्नास पुस्तकं फिरती राहतील. बैठकीच्या दिवशी बदलून घ्यायची, वहीत नोंद करायची. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या बाईला पुस्तकाची नोंद काय अवघड!

कापडी पुस्तक : आजीच्या हातचं

पाचवं ठिकाण आपलंच घर. गोधडी शिवणाऱ्या हाताला हे पुस्तक एका दुपारचं काम आहे.

जुनं सुती लुगडं, धोतर, परकर घ्या. नायलॉन नको. गरम पाण्यात धुऊन वाळवा. रंग जातोय का बघायला पांढऱ्या ओल्या कापडावर घासून बघा. रंग लागला तर ते कापड वापरू नका, कारण बाळ ते चोखणार आहे.

एक वीत रुंद, एक वीत उंच असे बारा तुकडे कापा. एकेका तुकड्यावर एकच चित्र, ठिगळ लावतो तसं. भाकरी, चंद्र, पान, मासा, कोंबडी, घर असे सोपे आकार घ्या. पहिली दोन पानं काळ्यावर पांढरी करा, लहानग्या बाळासाठी. दोन-दोन तुकडे पाठीला पाठ लावून कडेनं शिवा, म्हणजे सहा पानं होतील. कडा आत दुमडा. सगळी पानं एका बाजूला एकत्र घट्ट शिवून टाका. साधा धावदोरा चालेल, पण टाके बारीक आणि पक्के हवेत.

बटण, मणी, टिकली, जर, घुंगरू काही लावू नका. निघालं तर बाळाच्या घशात अडकेल. लांब नाडी किंवा लोंबता दोराही नको. आठवड्याला धुवा आणि कडक उन्हात वाळवा. टाका उसवला तर आधी शिवा, मग बाळाला द्या.

आजीच्या लुगड्याच्या, आईच्या साडीच्या आणि आजोबांच्या धोतराच्या तुकड्यांचं असं पुस्तक कुठल्याच दुकानात मिळत नाही. शिवणकाम करणाऱ्या गटांनी याचा विचार जरूर करावा. बारशाला झबलं-टोपडं देतात, त्याच्याबरोबर हेही देता येईल.

तर पुढच्या मासिक बैठकीत, बचत आणि कर्जवाटपाचा विषय संपला की दहा मिनिटं राखून ठेवा. ज्यांच्या घरी या वर्षी नातवंड झालंय त्यांची नावं घ्या. नात असो वा नातू, त्या बाळासाठी कुणी कापडी पुस्तक शिवणार, कुणी अंगणवाडीतनं पुस्तक आणणार, कुणी आशाताईंना विचारणार, ते ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा. पुढच्या महिन्यात मी गटात येईन तेव्हा पुस्तकंही बघेन आणि बाळंही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक